बाहुलीची हळद

सुनंदा घरत हिनं कॅमेरा डोळ्याला लावला, तोच कारखान्याचे मॅनेजर बापट मांडवात शिरले.

"भर आषाढात कसली हळद? मुहूर्त तर केव्हाच संपले!"

हल्लीचे कॅमेरे हवेतला वायूही टिपत, आणि या कारखान्याचा वायू फोटोत हिरवागार उमटे. गेल्या वर्षी गावातली एक नवरी फोटोत हळदीऐवजी शेवाळ फासल्यासारखी दिसली. तो फोटो जगभर फिरला आणि कारखान्याची मोठमोठी गिऱ्हाइकं तुटली. तेव्हापासून गावात लग्नकार्य असलं की त्या दिवशी चिमणी बंद असे.

"नवरी कुठंय?" बापटांनी विचारलं.

सुनंदानं पाटाकडे बोट दाखवलं. पाटावर चिंध्यांची बाहुली बसली होती, गालभर हळद माखून. एरवी ओटा उतरतानाही धाप लागणारे सुनंदाचे सासरे बाहुलीपुढे बेंजोच्या तालावर मनसोक्त नाचत होते.

"हिच्यासाठी मी अख्खा कारखाना बंद ठेवलाय?"

"नवरी खोटी असेल साहेब, फोटो खरेच निघतात," सुनंदा म्हणाली. "उद्या पलीकडच्या आळीत हळद आहे. परवा देवळामागं."

"अहो, गावात अशा बाहुल्या आहेत तरी किती?"

"बायका रोज नव्या शिवतायत. तुमच्या चिमणीला गाळणी बसेपर्यंत पुरतील एवढ्या चिंध्या आहेत घरोघरी. आता जरा हसा बघू, तुम्ही वरपक्षाकडचे."