जिन्यातला शर्ट

जिन्याच्या वळणावर, विजेच्या मीटरपाशी तो सवयीनं थांबला. पिशवीत हात घातला. हाताला जेवणाचा रिकामा डबा तेवढा लागला. खाकी शर्ट सकाळीच कंपनीत जमा झाला होता. मग तो तसाच, निळ्या शर्टात, उरलेल्या आठ पायऱ्या चढायला लागला.

दोन महिन्यांपूर्वी कंपनीनं फाटकावरच्या पहारेकऱ्यांना निळे गणवेश दिले. बाकीचे आरशात बघून खूश झाले. यानं मात्र जुना खाकी शर्ट जपून पिशवीत ठेवला. घरी सात वर्षांची लेक होती आणि तिला बदललेलं काही म्हणजे काही चालत नसे. त्यानं एकदा मिशी काढली, तर पोर चार दिवस अन्नाला शिवली नव्हती. किंचाळून किंचाळून आवाज बसला. शेवटी दवाखान्यात सलाईन लावावं लागलं.

म्हणून ही युक्ती. निळ्यात यायचं, वळणावर निळा उतरवायचा, खाकी चढवायचा, मग दार वाजवायचं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा त्याला बनियनवर गाठलं. "काय हो, बायकोनं हाकलून दिलं वाटतं?" त्या हसल्या. तोही हसला.

मग जुने गणवेश परत करायचा हुकूम निघाला. बायकोनं बाजार पालथा घालून तसाच एक खाकी शर्ट आणला. लेकीनं बाहीवरून बोट फिरवलं आणि तो सरळ खिडकीतून खाली टाकला. राहता राहिले साहेब.

"एकच शर्ट राहू द्या, साहेब. लेकीसाठी."

"अहो, बदल स्वीकारायला शिका जरा," साहेब म्हणाले. "लहान पोरंसुद्धा शिकतात."

दार बायकोनं उघडलं. त्याला निळ्यात बघून तिचा चेहराच उतरला. तिच्यामागून लेक पुढे आली. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. किंचाळली नाही. दोन्ही हात लावून तिनं दार लोटलं, कडी घातली.

"अगं, बाबाच आहे गं! बघ तरी नीट," आतून बायकोचा रडवेला आवाज आला. तो बाहेर उभा. दारावर थाप मारायला उचललेला हात तसाच राहिला. आपल्याच घराबाहेर आपण नक्की कोण म्हणून उभे आहोत, हेच त्याला कळेना. तो मटकन पायरीवर बसला.

मग दाराच्या फटीतून लेकीचा आवाज आला. चक्क रागावलेला.

"बाबा, आज जिन्यात पुरता थांबलाच नाहीस तू! खाली जा. काढ आणि घाल. वीसपर्यंत म्हणायचं असतं. रोज बघते नि म्हणते मी इथून."

तो उठला. वळणावर जाऊन त्यानं निळा शर्ट उतरवला. दुसरं घालायला काहीच नव्हतं.

"एक… दोन… तीन…"

त्यानं तोच निळा शर्ट झटकला आणि पुन्हा अंगात घातला. एकेक बटण लावलं. शेवटचं काही केल्या लागेना. डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं. वरचा आवाज अठरावर येऊन थांबला, बटण लागल्यावर पुढे सरकला.

"वीस."

कडी निघाली. लेकीनं त्याच्या निळ्या बाहीला धरून त्याला आत ओढलं आणि आईला सांगितलं,

"आत्ता आला बाबा."