एका माणसाला एक दाणा

जत्रेतल्या रेडिओवाल्यांच्या मांडवात काचेच्या दोन बरण्या मांडल्या होत्या. सरकारच्या तिजोरीत उरलेल्या पैशाचं काय करावं, हे अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या लोकांनी मक्याचा एकेक दाणा टाकून सांगायचं होतं. एका बरणीवर लिहिलं होतं ‘करकपात’, दुसरीवर ‘म्हाताऱ्यांची औषधं’. पहिली गळ्यापर्यंत भरत आली होती.

“ऑरिन, ती कपात बंगलेवाल्यांची आहे,” दाणे वाटणाऱ्या डॉरिसबाई म्हणाल्या. “तुझ्या वाट्याला फार तर एक ग्लास सरबत येईल.”

“मग सरबत पिईन. पण गोळ्यांसाठी सरकारपुढे हात पसरणार नाही.”

रांगेतले लोक हसले. ऑरिनची बायको व्हर्ना हसली नाही. म्हातारपणीच्या सरकारी विम्यात डॉक्टरची फी बसे, गोळ्या बसत नसत. तिच्या हृदयाच्या आणि त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या पेन्शनमधूनच यायच्या. रोज सकाळी दोघांच्या गोळ्या ऑरिनच काढून ठेवी. तिची एकही कधी चुकली नव्हती.

मंगळवारी डॉक्टर बुचकळ्यात पडले होते. रोज पूर्ण गोळी घेऊनही ऑरिनचा रक्तदाब उतरत का नाही? शेवटी त्यांनी तेवढ्याच किमतीची, पण दुप्पट ताकदीची गोळी लिहून दिली. ऑरिन उलट खूश झाला होता. का, ते व्हर्नाला कळलं नव्हतं.

डॉरिसबाईंनी त्याच्या तळहातावर दाणा ठेवला. मागच्या कुणाशी तरी बोलता बोलता त्याने तो चिमटीत धरला, उलटा केला, आणि अंगठ्याचं नख बरोबर मध्यावर टेकवलं. दुसरा अंगठा शेजारी आला. गोळी अर्धी मोडावी तसं त्याने दाबलं. दाणा कडक होता, तुटला नाही.

ऑरिनचं बोलणं थांबलं. त्याने व्हर्नाकडे पाहिलं. ती त्याच्या हातांकडे बघत होती.

“कधीपासून?” तिने हळूच विचारलं.

“तुझी नवी गोळी सुरू झाली तेव्हापासून.”

मग त्याने दाणा पहिल्या बरणीत टाकला. इतर दाण्यांवर तो आवाज न करता बसला.

व्हर्नाने आपला दाणा दुसऱ्या बरणीवर धरला आणि सोडला. तळाच्या काचेवर आपटून तो दोनदा उडाला.