सरका, बाळ येतंय!

"छान आहे म्हणजे कशी आहे?" बायकोने विचारलं.

कारखान्यात टर्नर असलेला तिचा नवरा पलंगाशेजारी उभा राहून मान खाजवू लागला. सकाळी ऑपरेशन होऊन मुलगी झाली होती. वेळेआधी आली म्हणून तिला वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवलं होतं, आणि आईला उद्यापर्यंत पलंगावरून उतरायची परवानगी नव्हती.

"छान म्हणजे... बाळासारखी. लहान."

"डॉक्टर म्हणतात छान, सिस्टर म्हणतात छान, आई म्हणते छान. नजरेला नजर मात्र कोणी देत नाही." तिचा आवाज चिरकला. "अहो, खरं सांगा. आहे ना ती?"

"आहे गं! आत्ता बघून आलो."

"मग फोटो दाखवा."

फोटो कुठून दाखवणार? वर दारातच फोन काढून घेत होते. तो बाहेर आला. बाकावर सासूबाई बसल्या होत्या. शेजारी लहान मुलांसाठी खेळण्यांची टोपली होती. हाताला चाळा म्हणून त्याने वरचंच एक खेळणं उचललं. लाल चौकट, मध्ये राखाडी काच, खाली दोन पांढरी चाकं. डावं फिरवलं की काचेवर आडवी रेघ, उजवं फिरवलं की उभी. उलटं करून हलवलं की सगळं साफ.

त्याचे हात थबकले. कारखान्यात लोखंड कातायच्या त्याच्या लेथलाही अशीच दोन चाकं होती. एकाने हत्यार लांबीत सरकायचं, दुसऱ्याने आतबाहेर. दोन्ही एकदम फिरवली की लोखंडाला हवी तशी गोलाई यायची. त्याने दोन्ही चाकं एकदम फिरवली. रेघ वळली. सुरेख, गालासारखी वळली.

"आई!" तो ओरडलाच. "चला वर!"

वरच्या सिस्टरने खेळणं उलटसुलट करून पाहिलं. "हे काय आणि?"

"फोन नाहीये हा," तो म्हणाला. हे खेळणं आणू नका असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिने आत सोडलं.

बाळाच्या पेटीपाशी उभं राहून त्याने सुरुवात केली. टोपीची कड, कपाळ, नाकाचा शेंडा, जरासा पुढे आलेला ओठ. रेघ उचलता येत नव्हती. हनुवटीवरून मुठीकडे जायचं तर आलेल्या वाटेनेच परत फिरावं लागत होतं. त्याच्या कपाळावर घाम आला. सासूबाई श्वास रोखून बघत होत्या.

"अगदी तीच हो!" त्या कुजबुजल्या. मग त्याचा हात पुन्हा नाकाकडे वळला तशी त्यांनी त्याचं मनगट धरलं. "जावईबापू, चित्रात नळी नका काढू. घाबरेल पोर."

त्याने पेटीत पाहिलं. इवलंसं पोट खालीवर होत होतं. नाकातली नळी चिकटपट्टीने गालावर बसवलेली होती.

"आहे ती आहे, आई," तो म्हणाला आणि त्याने नळीही रेखाटली.

आता हे खाली न्यायचं कसं? लिफ्ट हिसका देऊन थांबायची. त्याने जिना धरला. काठोकाठ भरलेलं भांडं न्यावं तसं खेळणं दोन्ही हातांत आडवं धरून तो एकेक पायरी उतरू लागला. एरवी जावयापुढे मोजकंच बोलणाऱ्या सासूबाई पुढे झाल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सरका, सरका! बाळ येतंय!"

माणसं भिंतीला चिकटली. ढकलगाडी जागच्या जागी थांबली. पायाला प्लास्टर घातलेल्या एका आजोबांनी कुबडी जवळ ओढून घेतली आणि मान उंचावून विचारलं, "कुठंय बाळ?"

"हे काय!" सासूबाई म्हणाल्या.

आजोबांनी वाकून काचेवर पाहिलं. "वा! नाक ठसठशीत आहे हो!"

पलंगापाशी पोचल्यावर त्याने खेळणं तिच्या हातात दिलं नाही. तसंच आडवं तिच्यासमोर धरलं. ती बघत राहिली. तिचं बोट काचेला न लागता कपाळावरून नाकावर आलं आणि थांबलं.

"हे काय?"

"नळी. दुधाची. पट्टीने लावलीय."

सासूबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"आणि मूठ? अशीच धरलीय?"

"गालाशी. सोडतच नाही."

तिचे डोळे भरले आणि त्याच वेळी तिला हसूही फुटलं. "आई, नळी आहे! अगं, नळीसुद्धा आहे! म्हणजे हे खरंच बघून काढलंय."

सासूबाईंनी वळून डोळ्यांना पदर लावला.

"डोळे मिटलेले का?" तिने विचारलं.

"झोपली होती."

"आता उठली असेल."

"असेल."

तिने त्याच्या हातातून खेळणं घेतलं. "अगं, हळू..." तो म्हणेपर्यंत तिने ते उलटं केलं आणि जोरात हलवलं. टाके ओढले गेले, ती कळवळली, तरी हसतच राहिली. काच कोरी झाली.

"जा," तिने खेळणं त्याच्याकडे सरकवलं. "आता कशी दिसते ते आणा."

तो निघाला. दारापर्यंत खेळणं त्याने सवयीने तसंच जपून, आडवं धरलं होतं. मग त्याच्या ध्यानात आलं की त्यावर काहीच नाही, आणि तो पळत सुटला.