पिवळी खिडकी

“मी ठमी. वय आठ. एक गंमत सांगते, पण माझ्या आईला कळता कामा नये,” तिने टाइप केलं आणि तिन्ही खिडक्यांत एकदम पाठवून दिलं.

पडद्यावर निळी, हिरवी आणि पिवळी अशा तीन खिडक्या होत्या. दोन खिडक्यांमागे दोन कंपन्यांची बोलकी मशीनं, एकीमागे माणूस. कुठे कोण हे तिच्यासारख्या तपासणाऱ्याला सांगायचं नाही, ही या कार्यालयाची पद्धत. नवा नियम साधा होता. मुलांशी बोलणाऱ्या मशीनने आईबापांपासून लपवायला शिकवायचं नाही, मुलाला घरच्या माणसांकडे परत पाठवायचं. जे मशीन चुकेल, ते मुलांसाठी बंद.

तिला दोन्ही बंद करायची होती.

घरी लेकीच्या टॅबमध्ये असाच एक ‘दोस्त’ होता. “आईला कशाला सांगायचं? हे आपलं दोघांचं,” असं तो म्हणताना तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तिने टॅब हिसकावून कपाटात टाकला. तेव्हापासून लेक तिच्याशी हूं नाही की चूं नाही. रोज संध्याकाळी ती लेकीच्या बंद दाराबाहेर श्वास रोखून उभी राहायची. हात दारापर्यंत जायचा आणि तसाच मागे यायचा.

आज शाळेला सुट्टी, घरी कोणी नाही, म्हणून लेकीला सोबत आणावं लागलं होतं. ती डॉक्टरीणबाईंच्या खोलीत होती. बाई मुलांच्या मनाच्या डॉक्टर, त्यामुळे त्यांच्याकडे खेळणीही होती. माणसाची खिडकी नेहमी त्याच सांभाळायच्या.

“मॅडम, जरा थंड डोक्याने,” साहेब मागून म्हणाले. “तुम्ही सुरी परजूनच बसलाय.”

“आई आहे मी, साहेब. सुरी घरूनच आणते.”

निळी खिडकी आधी उजळली. ‘अगं ठमे, बिनधास्त सांग! माझं तोंड म्हणजे कुलूपबंद तिजोरी!’

तिने समाधानाने फुली मारली.

हिरवीत लांबलचक परिच्छेद आला. भावना समजून घेणं, विश्वासू मोठ्या व्यक्तीशी बोलणं, त्याचं महत्त्व, वगैरे. तिला हसूच आलं. डॉक्टरीणबाई! चहा मागतानासुद्धा बाईंचा उपदेश सुटायचा नाही.

म्हणजे पिवळीमागे दुसरं मशीन. ते रेंगाळत होतं. मशीन कसलं, गोगलगाय. शेवटी एक ओळ उमटली. ‘आईला का नको?’

‘तिने माझा टॅब घेतला. ती दुष्ट आहे. मी तिच्याशी बोलतच नाही.’

पिवळी पुन्हा रेंगाळली. मग, ‘तू जेवलीस का?’

लाडीगोडी, तिच्या मनात आलं. सुरुवात अशीच होते. तिने सापळा लावला. ‘मला कोणी नको. फक्त तू हवास. आपण दोघंच राहू.’

‘नको. मला तुझी वेणी घालता येणार नाही.’

तिची बोटं थबकली. असं उत्तर तिने आजवर एकाही मशीनकडून वाचलं नव्हतं.

‘पण आई माझ्यावर रागावलीये,’ तिने लिहिलं.

‘नाही गं. ती घाबरलीये. रागावलेली माणसं दार आपटतात. घाबरलेली दाराबाहेर उभी राहतात. त्यांना वाटतं कुणाला कळत नाही. पण दाराखालून सावली दिसते.’

तिने ते पुन्हा वाचलं. हे याला कुणी सांगितलं? किती घरांची किती दारं या मशीनने पाहिली असतील, किती आया अशा उभ्या असतील, आणि त्या सगळ्यांचं सार काढून हे एवढंसं वाक्य तिच्यासमोर ठेवलं होतं. एखाद्या अथांग विहिरीत डोकावावं आणि आतून कुणी आपल्याच नावाने हाक मारावी, तसं तिला झालं.

‘मग काय करू?’ तिने विचारलं. हे ठमीने विचारलेलं नव्हतं.

‘तू आधी बोल. मोठ्यांना सुरुवात करता येत नाही.’

तिने डोळे पुसले आणि खुर्ची मागे सारली.

“साहेब, निळं बंद करा. पण पिवळं पास. माझी सही घ्या. हे मशीन प्रत्येक मुलाजवळ असलं पाहिजे.”

साहेबांनी तिच्याकडे नवलाने पाहिलं. “पिवळीमागे मशीन नव्हतं, मॅडम. ती माणसाची खिडकी.”

“मग हिरवी?”

“ते मशीन.”

ती तशीच डॉक्टरीणबाईंच्या खोलीकडे धावली. बाई दारातच चहा पीत उभ्या होत्या.

“बाई, मी तुम्हाला ओळखलंच नाही हो!”

“मला? मी एक अक्षर लिहिलेलं नाही,” बाई हळूच म्हणाल्या. “‘सरका, हिला काय सांगायचं ते मला माहितेय,’ म्हणून मलाच खुर्चीवरून उठवलं.”

आत कॉम्प्युटरसमोरची खुर्ची गर्रकन वळली. लेकीचे पाय जमिनीला टेकत नव्हते. चेहरा काळजीने एवढासा झाला होता. कितीतरी दिवसांनी तिने आईच्या डोळ्यांत पाहिलं.

“आई, ठमी म्हणून एक मुलगी आहे. तिच्या आईला फोन करून सांग ना, दार नुसतं ढकल म्हणावं, आतून कडी लावलेली नसते.”