लाँचचं बारसं

खाडीपलीकडे जाणाऱ्या गावाच्या नव्या लाँचला स्वतःचंच नाव द्यायचं, हे धनेशशेठनी मनात कधीच पक्कं केलं होतं. उरणहून रंगारीही बोलावून ठेवला होता. फक्त गावानं आग्रह केल्यासारखं दिसायला हवं होतं. म्हणून जेट्टीवर जमलेल्या लोकांना ते म्हणाले, "युद्धनौकेला देतात तसंच नाव द्यायचं. सगळं परंपरेनं!" आणि नौदलातून निवृत्त झालेल्या दत्ताकाकांच्या हातात त्यांनी माईक दिला.

काकांनी सांगितलं, युद्धनौकांना गडांची नावं देतात, नद्यांची देतात, शूर माणसांचीही देतात.

"माणसांची देतात ना?" शेठनी गळ्यातला हार सारखा केला.

"देतात की. पण माणूस होऊन गेलेला लागतो. जित्या माणसाचं न्हाय देत."

आता कुणीतरी म्हणेल, ‘आपल्या शेठची गोष्टच वेगळी,’ म्हणून शेठ थांबले. सगळं गाव नुसतं त्यांच्याकडे बघत राहिलं.

शेवटी लाँचवर ब्रश घेऊन बसलेला रंगारीच ओरडला, "शेठ, रंग कालवून ठेवलाय, सुकून जाईल. आजच्या आज व्हईल ना?"