चारचं वळण

गाडी सुसाट हाकल्याबद्दल डॅरेलला दोनदा दंड झाला होता. तिसऱ्या पावतीला लायसन्सच गेलं असतं. म्हणून त्यानं पिकअपमध्ये पोलिसांच्या रडारचा वास लागणारं यंत्र बसवलं. गावाबाहेरच्या वळणावर रोज चार वाजता ते कोकलायचं. डॅरेल शिव्या हासडत ब्रेक दाबायचा, आणि पोलीस काही दिसायचा नाही.

शेवटी एक दिवस वैतागून तो खाली उतरला. रस्त्याकडेला एका घराच्या टपालपेटीत गाड्यांचा वेग मोजणारी जुनी रडार गन होती, खाली मोटारीची बॅटरी, आणि शेजारी खुर्ची टाकून बसलेला एक म्हातारा.

"काय हो आजोबा, पोलीस आहात?"

"होतो. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली."

"मग आमच्या जिवाला घोर कशाला? पावती तर फाडता येत नाही तुम्हाला!"

"पावती कुणाला फाडायचीय? तुम्ही लेकाचे पाट्या वाचत नाही, त्या यंत्राचं तेवढं ऐकता."

त्यानं समोर बोट दाखवलं. एक म्हातारी, हातात लहान पोरीचा लाल स्वेटर घेऊन, इकडेतिकडे न बघता रस्ता ओलांडत होती.

"माझी बायको. लेकीची शाळेची बस आली म्हणून रोज निघते. लेक बावन्न वर्षांची आहे, डेन्व्हरला असते."

"अहो, मग हात धरून न्या की!"

"धरला तर किंचाळते. मला ओळखत नाही ती."

पुढच्या सोमवारी चार वाजता यंत्र गप्पच राहिलं. डॅरेलनं तरीही वळणाआधी ब्रेक दाबला, लाल स्वेटर पलीकडे पोचेपर्यंत थांबला, आणि म्हाताऱ्याची संपलेली बॅटरी चार्ज करायला केबल घेऊन उतरला.