कंधारकडचे श्रोते

दोन्ही स्पीकर डोंगराकडं तोंड करून ठेवले होते आणि माणसं बसली होती त्यांच्या मागं, सतरंजीवर.

आदिनाथनं गिटारचा पट्टा खांद्यावर चढवला आणि हळूच विचारलं, "काका, स्पीकर उलटे लागलेत का?"

"न्हाई, बरोबर हायेत," शेताचे मालक श्रीमंतराव म्हणाले. "आमी काय, जवळच बसलाव. आवाज लांब जाऊ द्या."

आदिनाथला हे फार आवडलं. लातुरात तालमीच्या खोलीला आतून गाद्या लावल्या, तरी शेजारी दार ठोठावायचे. आवाज लांब जाऊ द्या, असं आजवर त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

बँडचं नाव 'भारनियमन'. माणसं दोनच. आदिनाथ गिटार वाजवायचा आणि जेबा लॅपटॉपवर आवाज रचायची. तिचं घर एका डाळमिलच्या मागं. मिलमधल्या चाळण्यांची थरथर तिनं फोनवर टिपली, त्यात गल्लीतल्या कुत्र्यांचं भुंकणं तुकडे करून पेरलं, वर आदिनाथची गिटार केकाटली आणि 'चाळणी' हे गाणं तयार झालं. पुण्याच्या एका कॉलेजात ते वाजवलं तेव्हा निम्मी पोरं चहाला म्हणून उठली, ती परत आलीच नाहीत. लातुरात एकदा गणपतीत बोलावणं आलं, पण दुसऱ्याच गाण्याला कुणीतरी वायर उपसली. बँड नावाला जागत होता, एवढं मात्र खरं.

बंदच करायचं म्हटलं की आडवं यायचं ते कंधार. गाणं कुठल्या भागात ऐकलं जातं ते ॲपवर दिसायचं, आणि तिथं सगळ्यांत वर कायम कंधार. पुणे-मुंबई पार तळाला. दिवस मावळला की तिकडं 'चाळणी' सुरू व्हायची, ती उजाडेपर्यंत. तेच गाणं, पुन्हा पुन्हा.

आदिनाथ गच्चीवर पडून त्या माणसांचा विचार करायचा. कानात हेडफोन घालून चांदण्यात जागणारी, कुणाशी फारसं न बोलणारी माणसं. त्यांची नावं त्याला ठाऊक नव्हती, पण आपण त्यांना कळलो आहोत, असं त्याला वाटायचं. त्या न पाहिलेल्या माणसांवर त्याचा जीव जडला होता.

उन्हाळा लागला की ऐकणं एकदम थांबायचं.

"परीक्षा असतील," तो जेबाला म्हणाला होता. लातूरच्या माणसाला कशातही परीक्षाच दिसते. जूनमध्ये गाणं पुन्हा सुरू झालं तेव्हा तो खुशीत म्हणाला, "बघ, कॉलेजं उघडली."

यंदा मात्र भर हिवाळ्यातच ऐकणं आटलं.

"तुझं कंधारबी इटलं आपल्या गाण्याला," जेबा म्हणाली. हैदराबादच्या एका कंपनीनं तिला नोकरी देऊ केली होती. जेबा गेली की बँड संपला. तिच्याशिवाय आपण म्हणजे नुसता गिटार घेतलेला माणूस, हे आदिनाथला पक्कं माहीत होतं.

त्याच आठवड्यात, गाण्याखाली दिलेल्या नंबरावर कंधारहून श्रीमंतरावांचा फोन आला.

"ते चाळणीवाले तुमीच का? आमच्या सगळ्या शिवारात तुमचंच गाणं असतंय. पर आता मोबाइलवर भागंना झालंय. खरे वाजिवणारे पायजेत. ज्वारी हुरड्यात आलीय, या."

आदिनाथनं फोन ठेवला आणि तो तसाच जेबाकडं निघाला.

जेबानं सगळं ऐकून घेतलं. "एवढा एक कार्यक्रम," ती म्हणाली. "माणसं खरंच असली तर मी थांबते. नसली तर मला अडवू नको."

आणि माणसं होती. शेजारपाजारच्या शेतांतून आलेली, शाली पांघरलेली, लेकरं मांडीवर घेतलेली. समोर पुरुषभर उंच ज्वारी, तिच्यापलीकडं डोंगर, आणि डोंगरावर मावळतीचा तांबूस उजेड. जेबानं बटण दाबलं. चाळण्या थरथरू लागल्या. आदिनाथनं डोळे मिटले आणि तारांवर हात टाकला.

आवाज ज्वारीच्या धाटांवरून डोंगरापर्यंत जाई आणि तिकडून थोडा मऊ होऊन परत येई. सगळं शेतच आपल्याबरोबर वाजतं आहे, असं त्याला वाटलं. डोळे उघडून पाहिलं तर एकही माणूस उठलेला नव्हता. कुणी त्याच्याकडं पाहतही नव्हतं. सगळे अगदी गप्प, ज्वारीवरून डोंगराच्या उताराकडं टक लावून बसले होते. गाण्यानं माणूस इतका हरवतो, हे तो पहिल्यांदाच पाहत होता.

"आनखी मोठा," श्रीमंतरावांनी हातानं खुणावलं.

गाणं संपलं की मागून कुणीतरी म्हणे, "तेच लावा पुन्यांदा. कुत्र्यावालं." त्यांनी ते पुन्हा वाजवलं, आणि पुन्हा.

अंधार दाटला तेव्हा आगटीजवळ हुरडा भाजायला घेतला होता. श्रीमंतराव आदिनाथच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "लगेच जाऊ नका. हुरडा हाय तवर ऱ्हावा. रोज वाजवा. हितं शेतातच, आखाड्यावरची खोली झाडून ठिवलीय."

उद्याही वाजवा, असं या बँडला कुणी म्हणण्याची ही पहिलीच वेळ. जेबा वायरी गुंडाळत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचा आवाज ओला होता.

"हैदराबादला नाही म्हणून कळवते मी," ती म्हणाली.

आदिनाथनं गिटार खोळीत घातली. तो आगटीपाशी जाऊन बसला. श्रीमंतरावांच्या आई साखराबाई यांनी गरम हुरडा चोळून त्याच्या ओंजळीत घातला, वर गुळाचा खडा ठेवला.

"आजी," त्यानं विचारलं, "आवडलं का गाणं?"

"आमाला काय कळतंय त्यातलं, लेकरा," साखराबाई मायेनं म्हणाल्या. "पर मोबाइलला रानडुकरं पार सरावली हुती, पार स्पीकरापशी यिऊन धाटं मोडायलती; आज तुमी सोता वाजिवलं, तर एक बी डोंगराखाली उतरलं न्हाई."